आधी पाण्याचं टाकं, मग जकातीचा रांजण



पावसाळ्यातला कुठलाही रविवार आठवा. डेअरीवर दूध घालून तुम्ही घराकडे वळता, तोवर जुन्नरच्या रस्त्याला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. कुणी शिवनेरीला निघालेले, कुणी लेण्याद्रीला, कुणी थेट नाणेघाटाला. दुपारी घाटघरच्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या. एखाद्याने तर चाक भाताच्या खाचराच्या बांधावरच चढवलेले. लावणीला निघालेल्या बायकांनी वाट काढायची कुठून? गुरे वळायची कुठून? आणि अडल्या-नडल्या बाईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर जीप काढायची कुठून?

संध्याकाळी पाहुणे परत जातात. मागे काय राहते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाण्याच्या बाटल्या, वेफरच्या पिशव्या, फुटलेल्या काचा आणि खचलेला बांध. गावाला मिळाले काय? दोन-चार टपऱ्यांवर चहा खपला, कुणी पाच-पन्नास कणसे भाजून विकली. बाकी पाहुण्याचा पैसा पेट्रोल पंपावर गेला, हमरस्त्याच्या हॉटेलात गेला आणि डोंगराच्या पायथ्याला बाहेरच्या माणसाने बांधलेल्या रिसॉर्टमध्ये गेला. गावाच्या वाट्याला आली ती धूळ आणि कचरा.

हे चित्र केवळ जुन्नरचे नाही. लोहगडाखाली, राजगडाखाली, पन्हाळ्याच्या वाटेवर थोड्याफार फरकाने हेच आहे. पण आज आपण जुन्नर तालुक्याचेच उदाहरण घेऊन बोलू. कारण या प्रश्नाचे उत्तरही याच तालुक्यात, दोन हजार वर्षांपूर्वी, दगडात कोरून ठेवलेले आहे.

नाणेघाटाचा धडा

नाणेघाट तुम्ही पाहिला असेल. नसेल तर यंदा जरूर पाहा. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर जुन्नरला येई आणि पुढे पैठणच्या बाजूला जाई. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दान दिली, याचा हिशेब त्यात कोरलेला आहे. हिशेब आहे म्हणून त्यात आकडेही आहेत. भारतातले अतिशय जुने कोरीव आकडे म्हणून अभ्यासक या लेखाकडे पाहतात. म्हणजे पैशाचा हिशेब चारचौघांना दिसेल असा लिहून ठेवायची रीत आपल्या तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वी होती. ग्रामपंचायतीच्या फलकावर जमाखर्च लावायला टाळाटाळ करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

लेण्यातून वर आले की घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. येणारा-जाणारा व्यापारी त्यात जकातीचे नाणे टाकत असे, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. आलेला प्रत्येक पाहुणा त्या रांजणापाशी उभा राहून फोटो काढतो. पण त्याच घाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत, त्यांच्याकडे फारसे कुणी बघत नाही. घाट चढून दमलेला माणूस, त्याचे बैल, त्याची गाढवे यांना पाणी मिळावे म्हणून ती खोदली. बसायला लेणे, प्यायला टाके आणि मग जकातीला रांजण. तिन्ही गोष्टी एकाच वाटेवर.

आमचे म्हणणे एवढेच आहे. वाटसरूकडून पैसा घेणे हा गावाचा हक्क आहे. पण तो हक्क आधी पाण्याचे टाके खोदून मिळवावा लागतो. सोय काहीच नाही आणि दोन पोरे दोरी बांधून गाड्या अडवतात, याला जकात म्हणत नाहीत, याला अडवणूक म्हणतात. आणि सोय सगळी आहे पण घ्यायचे काहीच नाही, हा बावळटपणा झाला. आज आपल्याकडे कुठे अडवणूक चालली आहे, तर कुठे बावळटपणा.

पाहुणा वाढणार आहे

कुणाला वाटत असेल, हे चार दिवसांचे खूळ आहे, ओसरून जाईल. तसे होणार नाही. जुन्नर तालुका २०१८ मध्ये शासनाने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातील बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत शिवनेरी आहे. शिवजन्मभूमी म्हणून लोक येतच होते, आता जगाच्या नकाशावर नाव लागले म्हणून आणखी येतील. शहरातल्या नोकरदाराला शनिवार-रविवार मिळतो. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरावर त्याला गड, लेणी, धरण, द्राक्षबाग आणि देऊळ असे सगळे हवे असते. ते सगळे एका तालुक्यात देणारे ठिकाण जुन्नरसारखे दुसरे लवकर सापडायचे नाही.

मोजून बघा. शिवनेरीवर शिवाई देवीचे देऊळ, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, कडेलोट कडा. लेण्याद्रीला अष्टविनायकांतला गिरिजात्मज, तोही मुळात बौद्ध लेण्यात विराजमान झालेला. ओझरचा विघ्नहर. मानमोडीची लेणी, तुळजा लेणी. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले. पूरचे कुकडेश्वराचे देऊळ. निजामशाहीचा पाया घालणारा मलिक अहमद जुन्नरचाच सुभेदार होता. त्याने १४९० मध्ये इथूनच स्वतंत्र कारभार सुरू केला. जुन्या दप्तरांत ‘जुन्नरी कागद’ म्हणून ज्याचे नाव येते तो कागद इथलाच. आणि आजच्या काळातले म्हणाल, तर खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा शाळांच्या पोरांची जत्रा लोटते. नारायणगाव तर तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव.

एवढे सगळे आपल्या दारात आहे. पण पिकतं तिथं विकत नाही, ही आपली जुनी खोड.

रविवारचे दुखणे

पाहुणा वाढला की धोकाही वाढतो. याच जिल्ह्यातल्या दोन रविवारांची आठवण करून देणे आम्हाला भाग आहे.

३० जून २०२४. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यात लहान मुले होती. १५ जून २०२५. मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. फलक होता, पण माणसाला अडवणारे कुणी नव्हते.

दोन्ही ठिकाणी आधी धावले कोण? आसपासचे गावकरी आणि तिथे हजर असलेली माणसे. सरकारी यंत्रणा पोहोचते, पण तिला वेळ लागतो. पहिली मदत ही गावचीच असते. मग अपघात झाल्यावर जे गाव धावते, त्याला अपघात होण्याआधी दोर बांधायचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा पैसा नको का?

जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात मनाई आदेश काढतात. धबधबे, कडे, धरणाचा सांडवा अशा ठिकाणी जायला बंदी घालतात. आदेश योग्यच आहे. पण तो गावापर्यंत येतो तो कागदाच्या रूपाने, आणि कागद काही पाण्यात उतरलेल्या पोराचा हात धरत नाही. म्हणून पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावातली चार जाणती पोरे यांची नावे ठरलेली पाहिजेत. कुठला दगड शेवाळलेला आहे, कुठल्या ओढ्याला वर पाऊस झाला की अर्ध्या तासात लोंढा येतो, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे, हे गावच्या गुराख्याला जेवढे कळते तेवढे शहरातल्या अधिकाऱ्याला कळत नाही. त्या गुराख्याच्या शहाणपणाला रविवारपुरता पगार द्या. तो पगार कुठून यायचा, ते आता पाहू.

हिशेब मांडून बघा

समजा, एका गावात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दिवसाला पन्नास चारचाकी येतात. गावाने गायरानाच्या कडेला, चिखल होणार नाही असा गाडीतळ केला आणि गाडीमागे पन्नास रुपये घेतले. दिवसाचे झाले अडीच हजार. जून ते सप्टेंबर असे सतरा आठवडे धरले तर चौतीस दिवस. एकूण पंच्याऐंशी हजार रुपये.

आता खर्च. गाडीतळावर आणि धोक्याच्या जागी दोन माणसे, दिवसाला प्रत्येकी पाचशे, म्हणजे चौतीस हजार. स्वच्छतागृह धुवायला दिवसाला तीनशे, ते दहा हजार दोनशे. आठवड्याला कचऱ्याची एक खेप, टेम्पोचे हजार रुपये, ते सतरा हजार. बेरीज झाली एकसष्ट हजार दोनशे. उरले तेवीस हजार आठशे.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावाचे वेगळे निघतील. पण त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, गाव स्वच्छ आणि सुरक्षित ठेवायचा खर्च पाहुण्याकडूनच वसूल होऊ शकतो, त्यासाठी वरच्या निधीची वाट पाहायला नको. दुसरी, गाडीतळाच्या पैशावर कुणी श्रीमंत होत नाही. गावच्या घराघरांत चार पैसे यायचे असतील तर ते रांजणातून नाही, ताटातून आणि टोपलीतून येतील. त्याकडे आपण पुढे येऊ.

इतरांनी काय केले?

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. फुलांच्या हंगामात तिथे एवढी गर्दी उसळली की फुले पायाखाली तुडवली जाऊ लागली. तेव्हा आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पुढे आल्या. प्रवेश शुल्क ठेवले, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी सुरू केली, गावच्या पोरा-पोरींना राखणदार आणि वाटाडे म्हणून काम मिळाले. तिथे चुकाही झाल्या. पठाराला घातलेल्या जाळीने गुरे चरायची थांबली आणि त्याचा फुलांवर उलट परिणाम झाला असे मत पुढे आले. शेवटी जाळी काढली गेली. यातून शिकायचे ते हे, की पाहुण्यासाठी गावच्या गुराढोरांची वाट बंद करू नका. गुरांनी चरलेले, माणसांनी राखलेले पठार होते म्हणून तर ते बघण्यासारखे राहिले.

दुसरे उदाहरण भिलारचे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधले स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झाले. लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या. वाचायला येणारा माणूस घरात येतो, बसतो, पाणी पितो, जाताना स्ट्रॉबेरी घेऊन जातो. गावाने नवा डोंगर आणला नाही की नवा किल्ला बांधला नाही. आपल्याकडे आहे त्याच ओसरीवर पाहुण्याला बसवले.

जुन्नरकडे तर ओसरीही आहे आणि किल्लाही.

पंचायतीने काय करावे?

सरपंच मंडळींनो, आता कायद्याचे बघू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला कर आणि फी बसवायचे अधिकार आहेत. त्यात यात्रेकरूंवरचा कर, बाजाराची फी, गाडीतळाची फी अशा बाबी आहेत. मात्र ठराव, नियमानुसार मंजुरी, दराचा फलक आणि छापील पावती या चार गोष्टींशिवाय एक रुपयासुद्धा घेऊ नका. पावती नसेल तर पाहुणा मोबाइलवर चित्रफीत काढतो, ती गावोगाव फिरते आणि सगळ्या गावाचे नाव खराब होते.

जागा वनखात्याची असेल तर वन व्यवस्थापन समितीमार्फत जा. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली बरीच आदिवासी गावे पेसा कायद्याखाली येतात, तिथे ग्रामसभेचा शब्द अधिक वजनाचा आहे, तो वापरा. किल्ले आणि लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असतील तिथे संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. हे माहीत नसल्याने कर्ज काढून टाकलेली शेड नोटीस येऊन पाडावी लागते. आधी विचारा, मग वीट ठेवा.

कामाचा क्रम असा धरा. प्रथम स्वच्छतागृह, बायकांसाठी वेगळे आणि पाणी असलेले. कुलूप लावून ठेवलेले नको. दुसरे, पिण्याचे पाणी. ते मिळाले तर विकतच्या बाटल्या निम्म्याने कमी होतील. तिसरे, गाडीतळ. चौथे, कचरा. गडावर जाताना बाटल्या मोजून घ्या, अनामत ठेवा आणि परत येताना बाटली दाखवली की पैसे परत द्या. पाचवे, धोक्याच्या जागी फलक आणि फलकाशेजारी माणूस. या पाच गोष्टी झाल्याशिवाय स्वागत कमान उभारू नका. कमानीवर लाखो रुपये जातात आणि तिच्याच आडोशाला लोक लघवीला बसतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आणि महिन्याच्या महिन्याला जमाखर्च चावडीवर लावा. नागनिकेने लावला तसा.

शेतकऱ्याने काय करावे?

शेतकरी दादा, ताई, आता तुमच्याशी.

मघाशी म्हटले ते ताट आणि टोपली. आपल्या भागात जानेवारी ते मार्च-एप्रिल काळ्या जंबो द्राक्षांचा हंगाम. उन्हाळ्यात आंबा, करवंद. पावसाळ्यात कणीस, रानभाजी. पश्चिमेला डोंगरातला तांदूळ, नाचणी. बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट ज्या भावाने जाते त्याचा भरवसा नाही, हे तुमच्याइतके कोण जाणते? पण शहरातून आलेले कुटुंब बागेत उभे राहून स्वतःच्या हाताने घड तोडते, तेव्हा ते दलालाच्या भावाने पैसे देत नाही. दहा किलोच माल जाईल, पण त्यात अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही.

तसेच जेवणाचे. पाहुण्याला पनीर आणि नूडल्स शहरात मिळतात. त्याला तुमच्याकडे हवे ते पिठलं-भाकरी, ठेचा, मासवडी. मासवडी तर जुन्नरचीच शान. बचत गटाच्या चार बायकांनी रविवारी वीस ताटे केली, ताटाला दोनशे रुपये घेतले, तर चार हजार झाले. निम्मा खर्च गेला तरी दोन हजार गाठीला राहतात. दर आधी सांगा, ताट स्वच्छ असू द्या, अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी करून घ्या. नोंदणीला घाबरू नका, ती तुमच्याच बाजूने उभी राहते.

मुक्कामाची सोय करायची असेल तर शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आहे. शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपले केंद्र नोंदवता येते. बँकेकडे कर्ज मागताना ते प्रमाणपत्र उपयोगी पडते. पण एक ध्यानात ठेवा. कृषी पर्यटनात आधी ‘कृषी’ आहे. शेत पडीक ठेवून तिथे पोहण्याचा तलाव आणि कर्कश गाणी लावली, तर ते शहरातलेच झाले. माणूस दीडशे किलोमीटर गाडी हाकून ते बघायला येत नाही. त्याला गाईची धार, मोट कशी असायची त्याची गोष्ट, बांधावरची झोप हवी असते. शेती चालू असेल तरच हा धंदा चालेल. हंगाम गेला, पाऊस लांबला, साथ आली, तर पाहुणा येत नाही. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हे सगळ्यांनी अनुभवले. म्हणून पाहुण्याचे उत्पन्न हा जोडधंदाच असू द्या, कोंबड्या-शेळ्यांसारखा. त्याच्या जिवावर मोठे कर्ज उचलू नका.

बिबट्याचेही सांगायला हवे. आपला तालुका उसाचा आणि बिबट्याचा. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. उसाच्या कडेला तंबू ठोकून पाहुण्यांची पोरे रात्री बाहेर सोडणे हा जिवाशी खेळ आहे. मुक्काम ठेवायचा तर पक्क्या भिंतीत, अंगणात दिवा, उष्टे-खरकटे झाकलेले, आणि अंधार पडल्यावर लेकरे घरात.

जमीन विकण्याआधी

आता मनातली सगळ्यात जड गोष्ट. पाहुण्यांच्या गाड्यांमागून आणखी एक गाडी येते. त्यातला माणूस गड बघत नाही, तुमचा रस्त्याकडेचा एकर बघतो. भाव मोठा सांगतो. बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, पोराची फी, सगळे एकदम डोळ्यांपुढे येते आणि सही होते. पाच वर्षांनी त्याच एकरात कुंपण, आत बंगला, दाराशी खुर्ची, आणि खुर्चीवर राखणदार म्हणून बसलेला तोच सातबाऱ्यावरचा मालक. असे राखणदार तुम्ही पाहिलेत, आम्हीही पाहिलेत. नाव घ्यायला नको.

कुणाची अडचण काय आहे हे आम्ही कोण ठरवणार? अडला हरी काय करील! पण विकण्याआधी एवढे करा. भाड्याने देता येते का बघा. भावाभावांत मिळून चार खोल्या बांधता येतात का बघा. गावाची सहकारी संस्था करून दहा जणांनी एकेक खोली नोंदवता येते का बघा. डोंगर तोच राहणार, गड तोच राहणार, पाहुणा दरवर्षी वाढणार. मग त्या रस्त्याकडेच्या एकराचा भाव तरी आजच्या आज संपतो की काय? घाई विकत घेणाऱ्याला आहे. तुम्हाला नाही.

आपणही पाहुणे होऊ या

शेवटी एक साधा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांच्या मुलांनी नाणेघाटाचा शिलालेख पाहिला आहे? आपण शिर्डीला जातो, पंढरपूरला जातो, तुळजापूरला जातो. जावेच. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा असे नको. येत्या हंगामाआधी, गर्दीचा रविवार टाळून एखाद्या मंगळवारी-बुधवारी, भाकरी बांधून घरच्यांना घेऊन निघा. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या म्हातारीला हळूहळू चढू द्या. शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांचे पाणी पोरांना दाखवा. नाणेघाटात रांजण दाखवा, आणि त्याआधी टाकी दाखवा.

स्वतः पाहुणा झाल्यावर कळते, पाय दुखतात तेव्हा सावली कुठे हवी, बाईला आडोसा कुठे हवा, लेकराला पाणी कुठे हवे. ते कळले की गावात काय करायचे हे कुणा तज्ज्ञाला विचारावे लागणार नाही.

सरपंचसाहेब, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात शेवटी नको, सुरुवातीला घ्या, बायका बसलेल्या असतात तोवर. स्वच्छतागृहाची जागा ठरवा, दर ठरवा, माणसे ठरवा आणि पावतीपुस्तक छापायला टाका. पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि पहिल्या पावसानंतरचा पहिला रविवार तर मुळीच नाही.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत. पाहुणा तर येणारच आहे. त्याने जाताना बांध खचवून जायचे, की टोपलीभर द्राक्षे घेऊन, चार पैसे ठेवून आणि पुन्हा येतो म्हणून हात जोडून जायचे, हे ठरवणे आपल्या हातात आहे.